भरल्या ताटावरून

बाळ येशूला दार लागत नाही. आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोरांना भेटी तोच आणतो, आणि त्याला आजवर कोणी पाहिलेलं नाही. सगळे जेवत असतात, शेजारच्या बंद खोलीत घंटी किणकिणते, जेवण आटोपून आत जावं तर झाड उजळलेलं, खाली पुडकी आणि खिडकी किलकिली. आला कधी, गेला कधी, पत्ता नाही. असा पाहुणा घरच्या बाईला परवडतो, कारण त्याच्यासाठी ताटावरून उठावं लागत नाही.

आणि त्या संध्याकाळी उठायचं नसतंच. आमच्या व्सेतिन गावाकडे म्हणतात की त्या जेवणाला जो पहिला उठेल, तो पुढच्या नाताळला ताटावर नसतो. म्हणून माशाचं सूप, तळलेला कार्प मासा, बटाट्याचं सॅलड, मधाच्या पापड्या, सगळं आधीच हाताशी मांडून ठेवायचं. मीठ विसरलं तर अळणी खायचं. शेवटी सगळ्यांनी एकदम उठायचं, म्हणजे पहिला कोणीच नाही. माझा यावर विश्वास नाही. आमच्या गावात कोणाचाच नाही, विचारून बघा. पण उठणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हे आधी सांगितलं, कारण माझ्या बहिणीचा सगळा संसार या एका गोष्टीवरून गेला.

लुद्विका माझी थोरली बहीण. ती चित्रपटासाठी बाहुल्यांना चालवायची. म्हणजे बाहुली केसभर हलवायची, कॅमेऱ्याचा खटका दाबायचा, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा खटका. दिवस मावळेपर्यंत बाहुलीचा एक नमस्कार होणार. लढाईच्या दिवसांत आमच्या कपडे धुवायच्या खोलीत, इस्त्रीच्या फळीवर, तिनं कोटाच्या बटणांची वरात काढली होती. कॅमेरा मागून आणलेला, दिवे नाटकमंडळीकडून. त्या वेळी आमच्या देशात हे काम करणारे पुरुष हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे, आणि बाई एकही नाही. लोक म्हणायचे, बाई घरात बसून बटणं हलवते, नवऱ्याची बटणं कोण लावतं? नवऱ्याची बटणं मी लावायचे. मी शिवणकाम करायचे, आणि पुढे बाहुल्यांचे कपडेही मीच शिवले.

तिचा नवरा आलोइस. आम्ही लोइझा म्हणायचो. लाकडात कोरीवकाम करणारा, हसतमुख, थोडा आळशी, प्लमची दारू घरी गाळणारा. लढाई संपल्यावर टेकडीवरच्या जुन्या बिअरच्या कारखान्यात स्टुडिओ निघाला आणि दोघांनी ओरेख नावाचं बाहुल्यांचं कुटुंब जन्माला घातलं. बाप, आई, आजोबा आणि एक आगाऊ पोरगी. चारही डोकी लोइझानं लिंडनच्या लाकडात कोरली. बापाचं डोकं त्यानं आरशात बघून कोरलं, दुसरा नमुना फुकट मिळेना म्हणून. ते लांब, किंचित डावीकडे झुकलेलं नाक आमच्या घरातलंच होतं.

दर नाताळच्या आधी ओरेखांचा एक छोटा चित्रपट यायचा. पोरगी नाताळच्या जेवणासाठी न्हाणीच्या टबात जिवंत ठेवलेल्या कार्पशी मैत्री करते आणि त्याला मारू देत नाही, तो एक. आजोबा झाड आणायला जंगलात जातात आणि झाडालाच गोष्ट सांगत बसतात, तो एक. भेटी बाळ येशूच आणायचा, पण लुद्विका त्याला कधी दाखवायची नाही. घंटी वाजायची, पडदा हलायचा, चौघं माना वळवायची. बस. थिएटरात पोरं श्वास रोखायची. शेजारच्या गल्लीतल्या विधवा म्हातारीपासून ते कारखान्याच्या फोरमनपर्यंत सगळे म्हणायचे, ओरेखांचं बघितल्याशिवाय नाताळ लागत नाही.

लुद्विकाची एक पद्धत होती. बाहुलीला जे करायला लावायचं ते आधी स्वतःच्या अंगावर करून बघायचं. आरशासमोर बसायची, वळायची, वाकायची, कुठला खांदा आधी हलतो, वजन कुठल्या पायावर जातं, सगळं बघायची. "बाहुलीला अंग नसतं," म्हणायची, "तिला माझं उसनं द्यावं लागतं."

मग कम्युनिस्टांचं राज्य आलं, आणि लोइझाला पोलिसांनी नेलं. त्याचा शाळेतला एक मित्र सरहद्दीकडे पळताना एक रात्र आमच्याकडे झोपला होता. लोइझानं त्याला सूप दिलं, मोजे दिले. एवढाच गुन्हा. दहा वर्षं, आणि युरेनियमच्या खाणी. पत्रात तो लिहायचा, मी बरा आहे, खोकला किरकोळ आहे. पण तिथून सुटून आलेला एक सुतार आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "बाई, वरच्या कामावर असेल तर तो परत येईल. खाली असेल तर आशा करू नका." आणि लोइझा खाली होता.

याच काळात हालुझा आमच्याकडे आला. हालुझा स्टुडिओचा प्रमुख, पण मूळचा आमच्याच आळीतला, आमच्या आईच्या हातचे खसखशीचे केक खाऊन वाढलेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तशातला. तरी सांगते, माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, एकदा शिव्या घालून मोकळी झाले असते.

"लुद्विका, बाळ येशू निवृत्त झाला," तो म्हणाला. "प्रागहून आदेश आहे. आता हिमआजोबा."

"हे कोण?" मी विचारलं.

"रशियाकडून येतात. लांब दाढी, लांब कोट. दारावर थाप मारतात, आत येतात, पोरांना भेटी देतात."

"एवढ्या लांबून? परतीचं तिकीट कोण काढतं?"

"पोल्डा, तुझी जीभ एक दिवस तुला लोइझाच्या शेजारी नेऊन बसवणार आहे."

तो हसला, पण आम्ही हसलो नाही. मग त्यानं टोपी हातात फिरवत खरं काम काढलं. "ओरेखांच्या घरी हिमआजोबा आणायचेत. तुझ्याशिवाय ते कोणाला जमणार नाही, आणि लोक तुझ्याच ओरेखांना मानतात. समितीला पसंत पडलं तर लोइझाचा अर्ज मी स्वतः घेऊन जाईन. सुटका नाही हं, तेवढा माझा हात पोचत नाही. पण छावणीत सुतारखाना आहे. जमिनीवर. त्याला तिथे टाकता येईल. माझं बोलणं झालंय."

"खरंच झालंय?" लुद्विकानं विचारलं.

"आईची शपथ."

ती म्हणाली, "करते." मला वाटलं होतं नखरे करेल. तिनं क्षणभरही विचार केला नाही. नवरा जमिनीखाली असताना दाढीवाला म्हातारा काय, तिनं सैतानालाही भेटी वाटायला लावल्या असत्या.

वसंतात काम सुरू झालं. हिमआजोबाचं डोकं क्विडो नावाच्या जाहिरातवाल्यानं केलं, ते मुळ्यासारखं दिसायचं. मी त्याला एवढी दाढी शिवली की मुळा झाकला गेला. बाकी सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो जेवणाचा प्रसंग आला.

तिथे घोटाळा होता, आणि कागदावर तो कोणाला दिसला नव्हता. बाळ येशूला दार लागत नाही, पण हिमआजोबा थाप मारतो. ओरेख जेवायला बसलेत, थाप पडते, आणि लिहिलेलं होतं: आई उठते, दार उघडते. ज्यानं लिहिलं तो आमच्यातलाच. त्याच्याही घरी कोणी उठत नसणार. पण टेबलाशी बसून लिहिताना माणसाला आपलं जेवण आठवत नाही.

लुद्विका आरशासमोर खुर्चीवर बसली. उठायचा प्रयोग करायचा होता. मी फ्रॉकला टाके घालत कोपऱ्यात होते. ती बसून राहिली. हात टेबलाच्या कडेवर ठेवला, काढला. पुन्हा ठेवला. त्या दिवशी खटका एकदाही वाजला नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"उठवत नाही."

"अगं, लाकूड आहे ते. तार आहे. वर मी शिवलेला फ्रॉक आहे."

"डोकं लोइझानं केलंय," ती म्हणाली. "ते चौघं आम्ही आहोत, पोल्डा. आता यातलं कोणाला पहिलं उठवू?"

मी तिला म्हटलं की हा शुद्ध बावळटपणा आहे. आणि घरी येऊन मलाच झोप लागेना, हेही खरं.

शेवटी तिनं उपाय काढला. थाप पडते, आणि चौघं एकदम उठतात. एकाला उठवायला जेवढे दिवस लागले असते त्याच्या कितीतरी पट लागले, कारण चार अंगं एकाच वेळी केसभर हलवायची होती. आजोबांचे गुडघे कुरकुरतात, बाप त्यांच्या कोपराला हात देतो, पोरगी आधीच उडी मारणार असते तर आई तिचा फ्रॉक मागे धरून ठेवते, आणि मग सगळे मिळून उभे राहतात. मी आयुष्यात बाहुल्या पुष्कळ पाहिल्या. त्याहून सुंदर काही पाहिलं नाही. तारेत एवढी माया कुठून आली, मला अजून कळत नाही.

समिती पानगळीच्या सुमाराला आली. अध्यक्षांचं नाव पेशात. पोटाचा आजार असलेला गुबगुबीत गृहस्थ, सारखी खडीसाखरेसारखी कसली गोळी चघळायचा. बाहुल्या बघून तो खरोखर खुश झाला, मुळ्याच्या दाढीलाही हसला. चौघं उठू लागली तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या टायपिस्ट बाईनं धरलेला श्वास सोडला. ती समजली होती. खोलीतले सगळेच समजले होते.

दिवे लागले. "उत्तम!" पेशात म्हणाला. "एक बारीकशी सूचना. चौघं एकदम का उठतात? चर्चमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं."

"आदर, कॉम्रेड," हालुझा घाईनं म्हणाला. "हिमआजोबांविषयी आदर."

"आदर असू द्या. पण एक दार उघडायला चार माणसं? बापाला उठवा. कारखान्यातला माणूस आहे, घरचा कर्ता आहे. तो चमचा खाली ठेवतो, उठतो, दार उघडतो. बाकीचे बसून राहू देत. साधं, सरळ."

बोलायचं म्हणजे काय बोलायचं? की आम्ही नव्या जगाचे लोक अजून सूपच्या वाडग्याला घाबरतो? टायपिस्ट बाई खाली मान घालून लिहीत राहिली: बाप उठतो.

बाहेर बोळात लुद्विकानं हालुझाला गाठलं. "बाप नाही. आईला उठवते. ती माझ्या अंगानं चालते, तिचं काही झालं तर माझं होईल. हवं तर आजोबांना उठवते."

"त्यांनी बाप म्हटलंय."

"त्याला लोइझाचं नाक आहे, हालुझा."

हालुझाचा चेहरा पडला. त्याला कळलं होतं, आणि मला तेच सहन झालं नाही. "मला समजतं गं," तो पुटपुटला. "पण मी त्यांना सांगू काय?"

"सांग की त्या संध्याकाळी तुझी बायको सूपचं पातेलं टेबलाखाली पायाशी घेऊन बसते, उठायला नको म्हणून."

"लुद्विका, डोकं ठिकाणावर ठेव. पहिल्या बर्फाआधी मला ते हवंय. तू नाही केलंस तर क्विडो करेल, आणि मग अर्ज कोणाच्या नावावर नेऊ?"

घरी आमचं कडाक्याचं भांडण झालं. "उठव त्याला!" मी ओरडले. "खऱ्याला वर काढायचंय ना? मग लाकडाला उठव!"

"आणि तो वर येऊन मेला तर? मी उठवलं म्हणून?"

"आणि खालीच मेला तर?"

ती रोज स्टुडिओत जायची, बापाचा हात चमच्यापर्यंत न्यायची, आणि परत यायची. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, आमची आईही अशीच होती. एक दिवस तिनं हालुझाला सांगून टाकलं: करणार नाही.

मला तिचा इतका राग आला की मी दोन वेळा तिच्या हातचं जेवले नाही. आजही राग येतो. आणि आजही मला माहीत आहे की तिच्या जागी मी असते तर माझाही हात तिथेच थांबला असता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लोइझाला भेटायची परवानगी आली. मी लोइझाची बहीण आहे असं खोटंच सांगून सोबत गेले. देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं, आगगाडी आणि मग चिखलातून पायी. मधे दुहेरी जाळी, पलीकडे लोइझा, त्याच्यामागे शिपाई. लोइझाचं अंग इतकं उतरलं होतं की नाकच तेवढं पूर्वीचं राहिलं होतं. तो बोलण्याआधी खोकायचा आणि बोलल्यावरही.

"ओरेख काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

लुद्विकानं सगळं सांगितलं. हिमआजोबा, थाप, समिती, सुतारखाना. "त्यांना बापाला उठवायचंय. एकट्याला, जेवणातून. मी नाही म्हटलं." ती हे असं म्हणाली जसं काही त्याला उबदार स्वेटर आणून दिला होता.

त्याला आधी उलगडा झाला नाही. मग झाला आणि तो हसायला लागला, हसण्याचा खोकला झाला, जाळीला धरून तो वाकला.

"अगं वेडे," तो म्हणाला, "आम्हाला इथे नाताळचं सूप कुठे मिळालं माहितीय? चौकात. हजेरीच्या रांगेत, उभ्यानं. बसलंच नाही कोणी, तर पहिला उठणार कोण?"

"छावणीविषयी बोलायचं नाही," शिपाई म्हणाला.

"घरचंच बोलतोय, साहेब. जेवणाविषयी." मग त्यानं तोंड जाळीला लावलं. "कोणीच उठलं नव्हतं, लुद्विका. तरी त्या रांगेतले निम्मे आता नाहीत." शिपायानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लोइझा कधी काही मागणाऱ्यातला नव्हता. पण त्या दिवशी त्यानं मागितलं. "उठव त्याला. ऐकतेस ना? हवं तर रोज उठव. मला वर यायचंय गं."

परतीच्या गाडीत लुद्विका खिडकीशी बसली होती. एकाएकी तिनं समोरच्या छोट्या फळीवर तळवा टेकवला, पुढे झुकली, आधी उजवा खांदा, मग पाठ, आणि उभी राहिली. बसली. पुन्हा उठली. लोइझा जसा उठायचा, आळसटून, अर्ध्यात थांबून, कमरेला हात लावून, अगदी तसा. समोरची बाई आपल्या मुलाला जवळ ओढून घ्यायला लागली. लुद्विकाला कशाचं भान नव्हतं. ती व्सेतिनपर्यंत उठत बसत होती, आणि मी रुमाल तोंडात धरून रडत होते.

स्टेशनवरून ती घरी आलीच नाही, सरळ टेकडी चढली. मी मागोमाग. ओरेखांची जेवणाची खोली मोडून भिंतीला लावून ठेवली होती. क्विडो दिव्यांच्या तारा गुंडाळत होता.

"झालं की बाई," तो म्हणाला. "एका दुपारी उरकलं. बाप थोडा कंबर धरल्यासारखा उठतो, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रती प्रागला गेल्या."

हालुझा त्याच्या खोलीत बसला होता. त्यानं खुर्ची पुढे केली, लुद्विका बसली नाही. "मी करते," ती म्हणाली. "ते काढून टाक, मी पुन्हा करते. चांगलं करते. फुकट करते."

"आता काय करून उपयोग? पेशातना पसंत पडलंय. चित्रपटावरून तुझं नाव त्यांनी काढून टाकलं."

"अर्ज?"

हालुझानं खिडकीबाहेर बघितलं. "कसला अर्ज गं," तो म्हणाला. "तू नाही म्हणालीस असं मला कळवावं लागलं."

चित्रपट नाताळला लागला. गर्दी झाली. पोरांना हिमआजोबा फारसा रुचला नाही, पण ओरेखांसाठी सगळी आली. मी गेले नाही.

लोइझा ईस्टरच्या आधीच्या उपवासात गेला. खालीच गेला. देह दिला नाही, कुठे पुरला तेही सांगितलं नाही. पोस्टमन चार ओळींचा कागद घेऊन आला, तेव्हा लुद्विका बटाटे सोलत होती. तिनं कागद वाचला, बटाटे सोलून पुरे केले, उकळायला टाकले, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली.

मी तिच्याशेजारी बसले आणि एकेकाची नावं घेतली. ज्यानं शिक्षा दिली तो न्यायाधीश. जाळीमागचा शिपाई. गोळी चघळणारा पेशात. खसखशीचे केक खाऊन वाढलेला हालुझा. म्हटलं, यांनी मारलं त्याला, लुद्विका, तू नाही. सगळं खरं होतं, एक शब्द खोटा नव्हता.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हो," म्हणाली. "त्यांनीच मारलं. पण विचारलं मला होतं, पोल्डा. आणि मी नाही म्हणाले."